ळ

आमच्या केसमध्ये ळ नव्हता.
दौलतगंजातला जिन्याखालचा छापखाना,
पावत्या, लग्नपत्रिका, हकिमांच्या पुड्यांवरची नावं,
सगळं हिंदी. हिंदीला ळ लागतो कशाला?

अंबूताई फणसे आल्या. शाळा सुटल्यावर, खडूच्या हातांनी.
"मुलांची कादंबरी आहे, हलकेभैया. छापाल?"
मी म्हटलं, छापू की. मग पहिलं पान बघितलं
आणि पुण्याला पत्र टाकलं:
ळ पाठवा, अठरा पॉइंट.
आले नऊ.
कापसात गुंडाळलेले, दुधाचे दात ठेवतात तसे.

आठ पानांचा फर्मा, नऊ ळ.
ताई स्टुलावर बसून बोटांवर मोजायच्या.
संध्याकाळची सांज केली.
जवळचं पाशी.
बाळूचा सदू झाला, पळायचा तो धावायला लागला,
काळा कुत्रा भुरा झाला.
अडल्या त्या फक्त डोळ्यांवर.
"डोळ्यांना डोळेच म्हणतात, भैया.
नेत्र म्हटलं की पोरं पुस्तक मिटतील."
मग नऊच्या नऊ तिथंच खर्ची पडले.

माझी मराठी ही अशी, शिशाची,
उजवीकडून डावीकडे उलटी शिकलेली.
वाचता यायला लागलं तेव्हा
मला मराठीत पाणीही मागता येत नव्हतं.

गोष्ट छोट्या लाइनच्या गाडीची.
सदू टपावर बसून श्योपूरला निघतो,
जौऱ्याला पेरू घ्यायला उतरतो, गाडी सुटते.
चार प्रकरणं तो हरवलेला.
मग सबलगढच्या फलाटावर, कुत्र्यासकट,
"मिळाला" असं ताईंनी लिहिलं होतं.
फर्म्यात ळ उरला नव्हता.
खोडून लिहिलं: सापडला.
तो शब्द मी जुळवला तेव्हा
स्टिक हातात धरून दोन मिनिटं नुसता उभा होतो.
मालक ओरडले.

मुलांची पत्रं छापखान्याच्या पत्त्यावर यायची.
इंदूरहून, बडोद्याहून, एक तर झाशीच्या रेल्वे कॉलनीतून.
चित्राचा ठोकळा आधीच कोरून झाला होता ना,
त्यात कुत्रा काळा कुळकुळीत,
मजकुरात भुरा.
सगळ्यांचा प्रश्न तोच.

बारा वर्षांनी मोठ्यांची आणली.
दहा पॉइंट, बारीक. आता ळ हवे तितके होते
आणि ताईंनी हात राखला नाही.
काळीज, कळ, जळमट, ओवाळणी, वेळ, वेळ, वेळ.
एक बाई रोज घोसीपुऱ्याच्या स्टेशनात
सातच्या गाडीला येऊन बसते.
टपावरचे उतरतात, त्यांचे पाय मोजते.
मुलाचं नाव बाळू.
चाळिसाव्या पानावर कुत्रा आला. काळा.

कंपोझिटरने हातांच्या पुढे वाचू नये.
मी वाचलं. रात्री दिवा लावून
कच्चे कागद शेवटपर्यंत उलटले,
एकच शब्द शोधत.
त्याला तर ळही लागत नाही.
फुकटचा शब्द, केसमध्ये पडून होता.

प्रुफांच्या वेळी एकदाच विचारलं:
"ताई, हा तोच ना?"
त्यांनी चष्मा पदराने पुसला,
पान दोनशे एकोणऐंशीवर
सुटलेला एक अनुस्वार दिला
आणि चहा सांगितला, दोन.

त्या पुस्तकाबद्दल पत्रं आली नाहीत.
पुण्याच्या एका मासिकात चार ओळी आल्या,
त्यात फणसेचं फडके छापलं होतं.

ताई गेल्या. ऑफसेट आलं. खिळे किलोवर गेले.
ती गाडीही बंद झाली.
गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये एक कार्ड निघालं,
परत आलेलं, "पत्ता अपुरा", सबलगढ,
नाव शिक्क्याखाली गेलेलं.
अक्षर ताईंचं, फळ्यावरचं, गोल:

"कुत्रा काळाच आहे. तुझं बरोबर.
आमच्याकडे अक्षर कमी पडलं.
तू तुझ्या पुस्तकात पेनाने दुरुस्त कर.
बाकीच्यांनाही सांग."